संकटाचे त्रैराशिक

(विद्यालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला योजिली आहे, त्या गुरुवर्यांनी या विद्यालयात तीन तपांहून अधिक काळ गणित शिकविले. साहित्यिक वा कलावंत नसलेल्या माणसाला आजच्या व्याख्यानाचा मान का मिळाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहिला असेल. माझा व्यवसाय विम्याच्या दाव्यांतील नुकसानीचे मूल्यमापन करण्याचा. पूर ओसरल्यावर, आग विझल्यावर, भिंत खचल्यावर कागद-पेन्सिल घेऊन जो मनुष्य दारात उभा राहतो, तो सर्वेक्षक मी होतो. या कामात मला जे गणित रोज करावे लागले, ते गुरुजींनी इयत्ता सातवीत फळ्यावर शिकविलेले त्रैराशिकच होते. म्हणून आजचा विषय मी मुद्दामच निवडला आहे : आपले घर, आपला लहानसा धंदा, त्यांवर येणारी संकटे आणि त्यांसाठी करावयाची पूर्वतयारी.

बडोद्यात राहणाऱ्याला पुराची ओळख करून द्यावी लागत नाही. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री आपल्या शहराच्या मध्यातून वळणे घेत खंभातच्या आखाताकडे जाते. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा जलाशय बांधून या नगरीची तहान भागविली. परंतु तो जलाशय भरून वाहू लागला आणि त्याच वेळी शहरावरही पाऊस कोसळत असला, म्हणजे नदीला स्वतःच्या काठांत राहणे अशक्य होते. १९२७ च्या जुलैमध्ये गुजरातभर अतिवृष्टी होऊन हाहाकार उडाला आणि वल्लभभाई पटेलांनी मदतकार्याची मोठी यंत्रणा उभी केली, हे आपण इतिहासात वाचतो. २००५ चा आणि २०१४ चा पूर येथे बसलेल्या अनेकांनी पाहिला आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सोसायट्यांच्या आवारात मगरी फिरू लागल्या. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. समा, अकोटा, फतेगंज, सयाजीगंज, वडसर या भागांत तळमजल्यांची रया गेली.

ही यादी मी भीती घालण्यासाठी वाचली नाही. तिच्यातील अंतरे पाहा. २००५, २०१४, २०१९, २०२४. आधी नऊ वर्षे, मग पाच, पुन्हा पाच. एवढ्या तीन-चार नोंदींवरून पुढचे वर्ष सांगण्याचे धाडस गणिताचा कोणताही शिक्षक करणार नाही. परंतु जो धोका एका माणसाच्या हयातीत चार वेळा दार ठोठावतो, त्याला 'आकस्मिक' म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, एवढे अनुमान मात्र निश्चित काढता येते.

आता विम्याकडे वळतो. आपल्या समाजात आयुर्विम्याला मान आहे. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी आपण पॉलिसी घेतो. पण ज्या घरासाठी वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडले, त्या घराचा विमा आहे काय, असे विचारले की बहुतेकांची नजर खाली जाते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "इतकी वर्षे काही झाले नाही, हप्ता फुकट जातो." यावर माझे म्हणणे असे की, रात्री लावलेले कुलूप सकाळी कोणी फोडलेले नसले, म्हणजे कुलूप फुकट गेले असे आपण म्हणत नाही. विमा म्हणजे बचत नव्हे, गुंतवणूकही नव्हे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि त्यांतील ज्या थोड्यांवर आघात होईल त्यांचे नुकसान त्यातून भरून यावे, एवढीच त्याची मूळ कल्पना. १६६६ साली लंडन शहर जळून खाक झाले आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तेथे घरांचा आगीचा विमा उतरविणारी कचेरी उघडली. आपल्या देशात १८५० साली कलकत्त्यात ट्रायटन ही पहिली सर्वसाधारण विमा कंपनी निघाली. १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी न्यू इंडिया स्थापन केली आणि १९७३ च्या प्रारंभी या धंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी खासगी कंपन्यांना पुन्हा परवानगी मिळाली. कंपन्या बदलल्या, कल्पना तीच राहिली.

पूर्वी घरासाठी वा दुकानासाठी जी प्रमाणित अग्निविमा पॉलिसी असे, तीत हप्ता वाचविण्यासाठी पूर व वादळ यांचे संरक्षण वगळता येत असे आणि भूकंपाचे संरक्षण जादा पैसे भरून घ्यावे लागे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर कित्येकांना आपल्या पॉलिसीत भूकंप नाही हे कळले, ते ढिगाऱ्यासमोर उभे असताना. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने या क्षेत्रात एक चांगली सुधारणा केली. घरांसाठी 'भारत गृह रक्षा', पाच कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्यावर पन्नास कोटींपर्यंतच्या उद्योगांसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा' अशा तीन प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी विकल्याच पाहिजेत, असे ठरविले. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल ही सर्व संकटे त्यांत मुळातच आली आहेत. संकटानंतर सात दिवसांच्या आत त्यामुळे झालेली चोरीही धरली आहे.

गृह रक्षेतील काही गोष्टी प्रत्येक गृहिणीने जाणून घ्याव्यात अशा आहेत. इमारतीचा विमा उतरविला की घरातील सामानाचा विमा आपोआप, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के इतका, पण कमाल दहा लाखांपर्यंत, मिळतो. त्याहून अधिक हवा असल्यास यादी देऊन वाढविता येतो. घर राहण्याजोगे न उरल्यास दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे. मात्र दागिने, चित्रे यांसारख्या मौल्यवान वस्तू त्यात आपोआप येत नाहीत. त्यांचे संरक्षण वेगळे मागावे लागते. जुन्या वाड्यांतून आणि पोळांतून राहणाऱ्या भाडेकरूंनाही हे उपयोगी आहे. घर मालकाचे असले तरी फडताळ, शिवणयंत्र, फ्रीज आणि मुलांची पुस्तके आपली असतात, आणि केवळ सामानाचा विमा घेता येतो.

विमा किती रकमेचा घ्यावा? येथे बहुतेक जण घराचा बाजारभाव सांगतात. तो चुकीचा आकडा होय. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन पुरात वाहून जात नाही. आपल्याला हवी असते ती पुन्हा बांधण्याची किंमत. समजा, चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि तसेच बांधकाम आज करावयाचे तर चौरस फुटाला २,००० रुपये पडतात. म्हणजे विम्याची रक्कम बारा लाख. त्यावर सामानाचे २० टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. एवढ्या घराचा वर्षाचा हप्ता बहुधा शेकड्यांत मोजावा लागतो, हजारांत नव्हे. चटई क्षेत्र मात्र खरे सांगावे. सारा हिशेब त्यावर उभा असतो.

आता गुरुजींच्या त्रैराशिकाकडे येतो. दुकानदाराच्या बाबतीत ते अत्यंत निष्ठुर असते. समजा, दुकानात दहा लाखांचा माल आहे. हप्ता वाचावा म्हणून विमा उतरविला सहा लाखांचा. पुरात चार लाखांचा माल भिजला. दुकानदाराला वाटते, 'माझा विमा सहा लाखांचा, नुकसान चार लाखांचे; चार लाख मिळतील.' मिळत नाहीत. मालाच्या दहा भागांपैकी सहाच भागांचा विमा होता. उरलेल्या चार भागांचा विमेदार तो स्वतःच होता. म्हणून चार लाखांना सहाने गुणून दहाने भागावयाचे. उत्तर येते दोन लाख चाळीस हजार, आणि त्यातून पॉलिसीत लिहिलेली वजावट व भिजलेल्या मालाला जी काही किंमत येईल ती वजा. यालाच सरासरीचे कलम म्हणतात. सूक्ष्म उद्यम सुरक्षेत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. पण आपल्या उदाहरणात तूट ४० टक्के आहे, तेथे माफी नाही. हे गणित समजावून सांगताना कित्येक दारांत मी शिव्याशाप ऐकले. पण ते गणित कंपनीने आयत्या वेळी रचलेले नसते. पॉलिसी घेतली त्या दिवशीच ते कागदावर छापलेले असते.

कामातील एक प्रसंग सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही. नदीपासून फारशा लांब नसलेल्या एका रस्त्यावर भिंतीला भिंत लागून दोन धंदे होते. एक लहानसा छापखाना, दुसरे पापड-लोणच्यांचे दुकान. छापखान्याचे मालक सुशिक्षित, बँकेचे कर्ज घेतलेले, आणि विमा असलेले. दुकान चालविणाऱ्या बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. दोन्ही ठिकाणी छातीइतके पाणी भरले. पॉलिसी उघडली, तेव्हा छापखान्याचा विमा फक्त यंत्रांचा निघाला, तोही कर्जाच्या रकमेपुरता. कारण तो बँकेने आपल्या तारणाच्या रक्षणासाठी उतरविला होता. दिवाळीसाठी आणलेला कागद आणि छापून तयार असलेल्या लग्नपत्रिका यांचा लगदा झाला. त्याचा एक पैसाही विम्यात बसत नव्हता. बाईंची पॉलिसी लहान होती, पण मालाची होती आणि पुऱ्या मालाची होती. शिवाय त्यांच्या भाच्याने दर महिन्याला खरेदीची बिले एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेली होती. बरण्या फुटल्या, पापडांची पिठे झाली, पण पिशवी कोरडी राहिली. त्यांचा दावा माझ्या हातून सरळ पार पडला आणि त्यांचे दुकान दिवाळीआधी उघडले. शेजारच्या छापखान्याचे दार पुढे वर्षभर बंद होते. तो गृहस्थ निष्काळजी नव्हता, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. आपला विमा आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. फक्त तो कशाचा आहे, हे त्याने कधी वाचले नव्हते.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, कर्ज घेताना जी पॉलिसी हाती पडते ती वाचा. तीत इमारत आहे की सामानही आहे, यंत्रे आहेत की मालही आहे, रक्कम कर्जाची आहे की मालमत्तेची आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरली जाते, विक्रीच्या नव्हे, हेही ध्यानात ठेवा. धंदा बंद पडल्यामुळे बुडालेल्या नफ्यासाठी वेगळा विमा असतो. छतातून वर्षानुवर्षे होणारी गळती, जुनेपणामुळे आलेली ओल ही संकटे नव्हेत, ती दुरुस्तीची कामे होत. त्यांचा दावा होत नाही. आणि मोटारीचा विमा निराळाच. सक्तीचा असतो तो केवळ तिऱ्हाइताचा. स्वतःच्या गाडीचे पुरातील नुकसान त्यात येत नाही. ते येत असले तरी पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी जाऊन ते निकामी होते आणि असे नुकसान जादा संरक्षण घेतले नसल्यास बहुधा नाकारले जाते. गाडी ओढूनच न्यावी.

संकट आल्यावर काय करावे? कंपनीला ताबडतोब कळवावे, फोनने आणि लेखीसुद्धा. साफसफाईला हात लावण्यापूर्वी पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढावीत. भिजलेला माल फेकून देऊ नये. सर्वेक्षकाला तो मोजू द्यावा. कुजणारा माल ठेवणे शक्य नसेल तर मोजदाद करून, छायाचित्र घेऊन, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी टिपण करावे. त्याचबरोबर वाचविता येण्याजोगे जे आहे ते वाचविण्याचा प्रयत्न करावा. ते विमाधारकाचे कर्तव्यच आहे. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करूनही महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही; घरगुती विमाधारक आणि सूक्ष्म उद्योगही तेथे जाऊ शकतात, आणि पन्नास लाखांपर्यंतचे वाद ऐकण्याचा त्यांना अधिकार आहे. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादेत आहे.

कोणी म्हणेल, सरकार मदत करतेच की. करते, आणि ती स्वागतार्ह आहे. २०२४ च्या पुरानंतर राज्य सरकारने येथील लारीवाल्यांना पाच हजार आणि महिना पाच लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानांना ८५ हजार रुपयांची मदत जाहीर केली. ज्याच्यापाशी काहीच उरले नाही त्याला तेवढ्यानेही धीर येतो. परंतु मदत ही सर्वांना सारख्या मापाने मिळते; नुकसानीच्या मापाने मिळत नाही. शिवाय मदतीसाठी रांगेत उभे राहावे लागते. विम्याचा दावा हा करारातून आलेला हक्क आहे. स्वाभिमानी माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

पण विम्याची थोरवी गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. विमा पैसे देतो. आजीच्या हातची ओव्यांची वही देत नाही, आणि माणूस तर नाहीच देत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंती त्यांच्या अंगावर कोसळल्यामुळे. तेथे पॉलिसीने काय केले असते? भिंत नीट बांधणे, हाच तेथील खरा विमा होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर येऊन हजारोंचा बळी गेला. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. संकटातून शहाणपण घेणारे शहर कसे वागते, याचा तो पाठ आहे. विश्वामित्रीच्या काठची कोतरे ही पाण्याला पसरण्यासाठी निसर्गाने ठेवलेली जागा होय. त्यांत भराव पडतो, अशी तक्रार येथील जाणते नागरिक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची गोष्ट. पण नदीची जागा नदीला ठेवणे हे एका उन्हाळ्याचे काम नव्हे.

घरापुरते आपल्या हाती जे आहे ते फार खर्चाचे नाही. विजेचे मीटर आणि मुख्य स्विच मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत. पाणी उंबऱ्याशी येताच मुख्य स्विच बंद करावा, आणि पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याखेरीज तो लावू नये. दुकानात खालच्या फळीवर भिजले तरी चालेल असा माल ठेवावा. महाग माल, वह्या आणि बिले वर. दस्तऐवजांच्या प्रती दुसऱ्या गावी एखाद्या नातलगाकडे ठेवाव्यात. पॉलिसी तिजोरीत ठेवून तिजोरी तळमजल्यावर ठेवली, तर दोन्ही एकदमच भिजतात. आणि गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी चार घरांनी मिळून करावी. पाणी चढू लागल्यावर बोटीची वाट पाहण्यापेक्षा शेजाऱ्याचा हात लवकर पोहोचतो.

विद्यालयाच्या चालकांनाही एक नम्र सूचना. शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे हजारो माणसांच्या जन्मतारखेचा, जातीचा, गावाचा पुरावा. परप्रांतात वसलेल्या आपल्यासारख्या समाजाला तर आपण येथे किती पिढ्या आहोत हे सांगणारा तोच कागद. त्याला कोणतीही कंपनी किंमत देऊ शकत नाही. ती सारी रजिस्टरे वरच्या मजल्यावर न्यावीत आणि त्यांच्या संगणकीय प्रती काढून वेगवेगळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात.

विद्यार्थिमित्रहो, गुरुजींच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानानंतर गृहपाठ नसेल, तर ते त्यांना रुचणार नाही. म्हणून या आठवड्यात एक वही घ्या. घरातील एकेका खोलीतील वस्तू, त्या कधी घेतल्या आणि आज घ्यावयाच्या तर किती रुपये पडतील, हे लिहा. शेवटी बेरीज करा. त्याखाली आपल्या पॉलिसीची रक्कम लिहा. पॉलिसी नसेल तर शून्य लिहा. मग ती वही आईवडिलांना दाखवा. त्या दोन आकड्यांत जे अंतर दिसेल, तेवढ्या रकमेचे विमेदार आज तुमचे आईवडील स्वतःच आहेत. ते अंतर कमी करणे त्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी सर्वांत योग्य ऋतू म्हणजे आकाश निरभ्र असतानाचा.